बॅटरी नवीन, तरी सकाळी सेल्फची टिकटिक

ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्यांच्या बॅटऱ्या इतक्या पटापट का जातात यावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात चर्चा होते आणि दरवेळी शेवट एकच, अमुक कंपनीची बॅटरी फालतू. मला नाही पटत. बऱ्याचदा बॅटरी बिचारी ठीक असते, तिला चार्जच नीट मिळत नसतो. बघा ना, संध्याकाळचा पाऊस, कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत गाडी रांगतेय, एसी चालू, वायपर चालू, हेडलाइट, मागच्या काचेचा डीफॉगर, वर दोन मोबाइल लावलेले, आणि इंजिन मात्र आयडलला सात-आठशे आरपीएमवर, तेवढ्या फिरण्यात अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा, गॅरेजवाल्यांच्या भाषेत डायनामो) आपल्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली असतो. मग कमी पडलेलं बॅटरीतून जातं.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. आधी दुकानदाराने बॅटरी बदलायला लावली, थोडे दिवस बरे गेले आणि परत सकाळी टिकटिक, मग दुसऱ्याने सांगितलं काका डायनामो गेलाय, नवीन टाका. काका मला म्हणाले, अरे तू जरा बघ ना त्या मीटरने. (लॅमिंग्टन रोडला मिळतो तसला साधा डिजिटल मल्टीमीटर, फार महागडा लागत नाही.)

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला लावला तर १२.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास असते, १२.२ म्हणजे अर्धी, त्यामुळे हे वाईटच. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला नाही, म्हणजे बॅटरी उपाशी होती पण मेलेली नव्हती. गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवं, दिसलं १३.२. एसी आणि लाइट लावले तर १२.५, आणि काकांना रेस द्यायला लावली दोन हजारापर्यंत तरी आकडा जागचा हलेना. इथेच सगळे म्हणतात डायनामो गेला.

पण काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हलाच ठेवून लाल पिन डायनामोच्या मागच्या जाड स्टडला (बॅटरीकडे जाणारी वायर जिथे बसते त्या बोल्टला) लावली, तर तिथे चक्क १४.३! म्हणजे डायनामो आपलं काम करतोय आणि पावणेदोन व्होल्ट वाटेतच खाल्ले जातायत. चांगल्या वायरिंगमध्ये हा फरक पाव व्होल्टच्या आसपास, फार तर. स्टडवरची रबरी टोपी सरकवली तर आतला नट बोटाने फिरत होता, वायरचा लग (टोकाची धातूची कडी) हिरवा-काळा पडलेला आणि त्याच्या मागचं प्लास्टिक तापून कडक झालेलं. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, हे विसरू नका कारण तो स्टड गाडी बंद असतानाही लाइव्ह असतो आणि पाना बॉडीला टेकला की नुसत्या ठिणग्या. वायरमनने नवीन लग ठोकून दिला, मी पॉलिश पेपरने स्टड घासला, नट टाइट. एसी-लाइट लावूनसुद्धा बॅटरीवर १३.८. नव्या डायनामोचे हजारो रुपये वाचले.

अर्थात दरवेळी एवढं स्वस्तात सुटत नाही. स्टडवरच आकडा कमी असेल तर आधी डायनामो फिरवणारा बेल्ट बघा, गाडी चालू करताना किंचाळत असेल तर तो ढिला किंवा गुळगुळीत झालेला. बेल्ट ठीक असेल तर डायनामोच्या आतले कार्बन (झिजणारे ब्रश), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा डायोड, आणि कार्बन-रेग्युलेटर बऱ्याच मॉडेलमध्ये सुटे मिळतात, अख्खा डायनामो लागत नाही. उलट आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळेल.

काही जुने मेकॅनिक चालू गाडीच्या बॅटरीचा टर्मिनल काढून "बघा, बंद नाही पडली, म्हणजे डायनामो ठीक" असं दाखवतात. त्यांना हात लावू देऊ नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला तर बॅटरीपेक्षा कितीतरी मोठं बिल येतं.

चालताना बॅटरीचा लाल दिवा लागला तर एसी बंद करून जवळचं गॅरेज गाठा, पण सोबत टेंपरेचरचा काटाही चढत असेल तर पाम बीच रोड असो नाहीतर ऐरोली पूल, बाजूला घेऊन थांबाच, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो आणि बेल्ट तुटलेला असू शकतो.

नवीन गाड्यांत कॉम्प्युटर ठरवतो कधी चार्ज करायचं, त्यामुळे एखाद्या वेळी १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, लाइट-एसी लावून थोडा वेळ आकडा बघत राहा.

आणि चार्जिंग सगळं ठीक, तरी सकाळी बॅटरी डाउन? मग रात्री कोणीतरी करंट पितंय. लॉक केलेली गाडी झोपली (आतले कॉम्प्युटर शांत झाले) की तिचं करंट पिणं साधारण ५० मिलीअँपच्या आत यायला हवं. पहिला संशय बाहेरून बसवलेल्या स्टिरिओवर आणि पार्किंग मोडवर ठेवलेल्या डॅशकॅमवर घ्या, त्यांचे फ्यूज काढून एक रात्र गाडी उभी करा आणि सकाळी परत मीटर लावा.