हेपॅटायटिस सी : तपासणीपासून बरे होईपर्यंतचा माझा अनुभव

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावात कावीळ म्हटली की झाडपाल्याचे औषध, उसाचा रस आणि बिनतेलाचे जेवण एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. माझे डोळे मात्र कधी पिवळे झाले नव्हते. नशेची इंजेक्शने सोडून मी बुप्रेनॉर्फिनच्या, म्हणजे नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या औषधाच्या, गोळ्यांवर होतो, आणि त्या गोळ्या मिळत त्या केंद्रातल्या समुपदेशकांनी एचआयव्हीबरोबर हेपॅटायटिस बी व सी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंचीही तपासणी करायला लावली म्हणूनच सी पॉझिटिव्ह असल्याचे कळले. हा विषाणू वर्षानुवर्षे काहीच न जाणवू देता यकृत पोखरत असतो, त्यामुळे लक्षणांची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे.

पहिल्या तपासणीत फक्त प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिने, दिसतात. संसर्ग झालेल्या दहा जणांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो, तरीही त्यांची ही तपासणी पॉझिटिव्हच येते. म्हणून रक्तात विषाणू खरोखर आहे का, हे पाहणारी आरएनए तपासणी करावीच लागते. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती, तर तो अहवाल हाती येईपर्यंतच्या कितीतरी रात्री सुखाने गेल्या असत्या. माझ्या रक्तात विषाणू होता.

समुपदेशकांनी संसर्गाचा मार्ग समजावला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आमच्यातले अनेक जण सुई आपापली ठेवत, पण औषध विरघळवायची वाटी, पाणी आणि गाळायचा कापूस सगळ्यांचा एकच असे, आणि तेवढेही पुरते. प्रयोगशाळेत हा विषाणू सिरिंजमधल्या उरलेल्या रक्तात ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. पाण्याने खळखळून घेतलेली सिरिंज म्हणूनच सुरक्षित नसते. दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज आणि बाकीचे सामानही स्वतःचेच हवे.

घरी आईने एकच विचारले, “काय व्हयनं तुले?” आणि दुसऱ्या दिवसापासून माझे ताट वेगळे झाले. डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले, की जेवणाने, स्पर्शाने किंवा एका पेल्यातले पाणी प्यायल्याने हा आजार पसरत नाही. दाढीचे ब्लेड, दातांचा ब्रश आणि नेलकटर तेवढे वेगळे ठेवा. पत्नीचीही तपासणी झाली आणि तिला हेपॅटायटिस बीची लस सुरू केली, जी आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यायची असते. सीवर लस नाही.

उपचार मिळवताना सर्वांत कठीण गेले ते एका रुग्णालयातले उत्तर : “आधी सगळे व्यसन सोडा, मग या.” बुप्रेनॉर्फिनलाही तिथे व्यसनच समजले गेले. वास्तविक इंजेक्शन घेणाऱ्यालाही हा उपचार नाकारू नये, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण एक जण बरा झाला की त्याच्यापासून पुढे होणारा संसर्गही थांबतो. समुपदेशक स्वतः माझ्यासोबत रेल्वेने जळगावला आले, तेव्हा कुठे काम मार्गी लागले. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, आणि त्यात तपासण्या व औषधे मोफत मिळतात. यकृत किती खराब झाले आहे हे आधी पाहतात. हेपॅटायटिस बी दडून बसलेला असेल तर सीच्या औषधांच्या काळात तो उसळू शकतो, म्हणून तोही आहे का ते तपासतात. मला सोफोसबुविर आणि डाक्लाटासविरच्या गोळ्या रोज एकदा, १२ आठवडे घ्यायच्या होत्या. थोडी डोकेदुखी आणि थकवा सोडला तर त्रास झाला नाही.

गोळ्या संपल्यावर आणखी १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी झाली आणि विषाणू आढळला नाही. प्रतिपिंडांची तपासणी मात्र यापुढेही पॉझिटिव्हच येत राहील, म्हणून आरएनए तपासणीचा अहवाल मी जपून ठेवला आहे. बरे झाल्याने संरक्षण मिळत नाही, पुन्हा लागण होऊ शकते, हे मी जुन्या सोबत्यांना आवर्जून सांगतो. नव्या सिरिंज घेताना पोलीस धरतील अशी त्यांना भीती वाटते. त्यांना मी २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याबद्दल सांगतो, ज्यात संसर्गाचा धोका कमी करण्यासाठीचे असे उपाय गुन्हा ठरत नाहीत, आणि १०९७ हा मोफत मदतक्रमांक लिहून देतो.