शेंगदाण्यांवरचा पोकर

आज सोलापूरहून मंगळवेढ्याकडं शेतावर गेलो होतो. हुरडा झाला आणि पुण्याच्या भाच्यानं पत्त्यांचा कॅट काढला. "मामा, तीन पत्ती पुरे. आज पोकर!" पैसे लावायचे नाहीत असं ठरलं, म्हणून प्रत्येकी 50 शेंगदाणे. (काकांनी पहिल्या डावाआधीच सहा खाल्ले.)

पोकरचा टेक्सास होल्डेम हा प्रकार खेळलो. हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. ती आधी तीन, मग एक, मग एक अशी उघडतात. सातांतली उत्तम पाच धरायची. बोली चार वेळा लागते: हातातली पानं बघून एकदा, मग मधली उघडतील तशी तीनदा. समोरच्याएवढे टाका, वाढवा नाहीतर पानं टाकून द्या. कोणीच लावलं नसेल तर नुसतं 'चेक' म्हणायचं.

घोळ झाला 'ब्लाइंड'वरून. आपल्याकडं ब्लाइंड म्हणजे पानं न बघता चाल. इथं वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधीच सक्तीनं टाकायचे दाणे!

खरी भांडणं शेवटच्या डावाला. काकांचा सत्ता ते गुलाम सिक्वेन्स, माझी पाच बदामं, म्हणजे कलर. काका ढीग ओढायलाच लागले, "सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा!" तीन पत्तीत खरंय ते. पण पाच पानांत कलर जुळणं जास्त अवघड, म्हणून पोकरमध्ये तोच वर.

काकांना पटलं नाही. भाचा म्हणाला, पुढच्या वेळी ओमाहा, पोकरचाच दुसरा प्रकार: हातात चार पानं, त्यातली नेमकी दोनच वापरायची. काका म्हणाले, "आधी शेंगा आण."