मोरचुदाचे खडे करताना बीकरमध्ये काळं उरलंच पाहिजे

वरुड-मोर्शीकडच्या पोरांना मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, दाखवावा लागत नाही. बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्याच्या) दिवसांत तो घरोघरी असतो. तोच वर्गात काळ्या कॉपर ऑक्साइडपासून करायचा, तर 50 मिली सौम्य सल्फ्युरिक आम्ल (1 मोलर) आणि 5 ग्रॅम ऑक्साइड पुरे. 100 मिली सौम्य आम्लाला संहत आम्ल साधारण 5.5 मिली लागतं. ते थेंबाथेंबाने पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच.

आम्ल 60-70 अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. मग चिमटीचिमटीने ऑक्साइड टाकत काचकांडीने ढवळा. थंड आम्लात पूड नुसती तळाशी बसून राहते. हिशेबाने 4 ग्रॅमच लागतं. वरचं 1 ग्रॅम आम्ल पुरतं संपावं म्हणून. हात इथेच आखडतो. ढवळूनही काळी पूड शिल्लक दिसत नाही, तोवर आम्ल बाकी आहे असं समजा. ते गाळून आटवलं की पाणी उडतं, आम्ल मागे राहून तीव्र होत जातं, खडे चिकट, ओलसर निघतात आणि टिपकागद काळा पडतो.

मोटर वाइंडिंगची तार तापवून काढलेली पापडी वापरत असाल तर तळाशी लालसर भुकटी राहील. पापडीत क्युप्रस ऑक्साइडही (तांब्याचं लाल ऑक्साइड) असतं. आम्लात त्याचं निम्मं तांबं विरघळतं, निम्मं धातू होऊन बसतं.

पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या जड पाण्यातला चुना जिप्समच्या पांढऱ्या सुया करतो, आणि अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी तर या कामाला नकोच.

गाळलेलं निळं द्रावण वाफेवर 20 मिलीपर्यंत आटवा. काचकांडी बुडवून बाहेर धरा. टोकाला बारीक खडे धरले की आच बंद. कोरडं होईपर्यंत आटवणं हा सगळ्यात मोठा घोळ: स्फटिकातलं पाणीही जातं आणि हाती पांढरट भुकटी येते. भांडं चिनीमातीचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर तांबं चढतं आणि पातेलं खात जातं. बोर्डोत चुना कमी पडला का, हे बघायला विळ्याचं पातं बुडवतात, त्यामागेही हेच.

मग झाकून, न हलवता, रात्रभर ठेवा. हे काम हिवाळ्याचं. मे महिन्यात कोरड्या हवेत वर पापडी धरते, साखरेएवढे दाणे मिळतात आणि उघडे ठेवलेले खडे पांढरे पडतात. तेव्हा भांडं माठाजवळ ओल्या गोणपाटात ठेवलेलं बरं. हिशेबाने 12.5 ग्रॅम व्हायला हवेत, पहिल्या खेपेला जेमतेम निम्मे हाती येतात. बाकीचे उरलेल्या द्रावणात असतात, ते पुन्हा थोडं आटवा. खडे टिपकागदावर सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.

उरलंसुरलं निळं पाणी विहिरीत, नाल्यात ओतू नका, मासे मरतात. त्यात चुन्याची निवळी घाला, निळा साका खाली बसतो. तो वेगळ्या डब्यात साठवायचा.