केलिनच्या तळ्याकाठी

लिव्हरपूलला धाकट्या बहिणीकडे उतरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना ती सहज बोलून गेली, "ताई, इथलं पाणी डोंगरातलं बरं का. वेल्समधून येतं."

"धरणाचं?"

"हो. एक तिथल्या तळ्यातून थेट येतं, दुसरं नदीतून."

"मग तिथे कोणाचं तरी गाव असणार," मी म्हटलं. ती गप्प झाली. आमच्या घरात हे वाक्य कोणी उगाच बोलत नाही.

आमचं आजोळ कोयनेच्या खोऱ्यातलं, जावळी तालुक्यातलं. १९६४ साली कोयना धरण पुरं झालं, त्याच्या आसपास गाव उठलं. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. देवाचे टाक, दोन म्हशी आणि जात्याची एक तळी घेऊन मंडळी घाटाखाली आली. आज तापोळ्याला जे लोक हौसेनं बोटीत बसतात, त्यांच्या बोटीखाली कुठेतरी आमचा उंबरठा आहे. आईला गाव विचारलं की ती घाटाखालचंच नाव सांगते. वरच्या गावाबद्दल ती बोलत नाही आणि आम्हीही कधी खोदून विचारलं नाही.

त्या रात्री बहिणीच्या लॅपटॉपवर शोधत बसले. लिव्हरपूलसाठी बुडालेलं गाव एक नव्हतं, दोन होती. १८८०च्या दशकात व्हर्नवीचं धरण बांधलं, तेव्हा ल्लानवधिन नावाचं गाव गेलं. आणि १९६५ साली त्रवेरिन नदीच्या खोऱ्यातलं कापेल केलिन. केलिन म्हणजे हॉलीचं झाड, कापेल म्हणजे चॅपेल, छोटं प्रार्थनाघर. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जेफ चार्ल्स या वृत्तपत्र-छायाचित्रकाराच्या संग्रहातले फोटो सगळ्यांसाठी खुले करून ठेवले आहेत. त्यात कापेल केलिन शेवटच्या वर्षांत कसं होतं ते दिसतं. शाळेतली पोरं आहेत, पोस्ट आहे, दगडी घरं आहेत, कॅमेऱ्याकडे बघणारी शेतकरी माणसं आहेत. मी एकेक फोटो मोठा करून बघत होते. आमच्या गावाचा एकही फोटो कोणाकडे नाही. कॅमेरा होता कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी निघाले. रेक्सहॅमहून टी-३ नंबरची बस ल्लान्गोल्लेनमार्गे डी नदीच्या कडेकडेनं कापेल केलिनजवळच्या बाला या गावाला जाते. बसमध्ये शाळकरी पोरं चढली आणि एकदम सगळा आवाज बदलला. इंग्रजी संपलं, वेल्श सुरू झालं. २०२१च्या जनगणनेत अख्ख्या वेल्समध्ये १७.८ टक्के लोकांनी आपल्याला ही भाषा बोलता येते असं सांगितलं. पण बालाच्या बाजूला दुकानात, बसथांब्यावर, कुत्र्याला हाक मारताना लोकांच्या तोंडी तीच असते. 'ल्ल' काही मला जमला नाही. जीभ ल-च्या जागी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी नुसता वारा सोडायचा, असं शेजारच्या मुलीनं मला तीनदा करून दाखवलं.

बाला म्हणजे एक लांब रस्ता आणि त्याच्या शेवटी तेगिद तळं. वेल्समधलं हे सर्वांत मोठं नैसर्गिक तळं. या गावाची एक गोष्ट तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. १८०० साली मेरी जोन्स नावाची पंधरा वर्षांची विणकराची पोर वेल्श बायबल विकत घ्यायला सुमारे चाळीस किलोमीटर अनवाणी चालत इथे आली. बायबल छापून घराघरांत पोचवणारी संस्था १८०४ मध्ये निघाली, तिच्या जन्मकथेत ही पोर आहे. पुस्तकासाठी अनवाणी चालत आलेली मुलगी. वारीच्या मुलखातल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

मी जिथे उतरले त्या घरच्या बाई सत्तरीच्या. त्यांनी चहा दिला, बरोबर लोणी लावलेले बारा ब्रीथचे काप. बारा ब्रीथ म्हणजे चहात भिजवलेल्या मनुका घातलेला पाव. टेबलावर एक छोटं वर्तमानपत्र पडलं होतं, 'पेथे पेन्ल्लिन'. पेन्ल्लिन म्हणजे हा मुलूख, पाच पॅरिशांचा. त्यांनी बोटावर पाचही मोजून दाखवली. पंचक्रोशीच ही! अशी गावकीची वेल्श वर्तमानपत्रं वेल्सभर आहेत. सुरुवात १९७३ साली कार्डिफमध्ये झाली आणि मग खोऱ्याखोऱ्यांतून ती निघाली. पगारी माणूस जवळजवळ नाहीच. कोणी बातम्या गोळा करतं, कोणी शुद्धलेखन तपासतं, कोणी गाडीतून गठ्ठे टाकत जातं. छापखान्यातून सुटी पानं यायची तेव्हा महिन्यातून एका संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमून घड्या घालायचे. बाई म्हणाल्या, "अर्ध्या बातम्या त्या घड्या घालतानाच कळायच्या." आत काय असतं? कोणाचं लग्न, कोण गेलं, शाळेनं गाण्याच्या स्पर्धेत काय मिळवलं, कोणाची मेंढी पहिली आली. स्वतःच्या परिसराला वेल्शमध्ये 'मिलतिर स्ग्वार' म्हणतात, शब्दशः एक चौरस मैल. माणूस ज्या चौरस मैलात वाढतो तो त्याला इंचाइंचानं पाठ असतो, असा त्यातला भाव.

मी कापेल केलिनला जाणार म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "का?" एवढंच विचारलं. मी आजोळाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच गाडी काढली.

बालापासून त्रॉस्व्हनिथच्या रस्त्याला लागलं की आधी फ्रॉनगॉख लागतं. १९१६च्या डब्लिनमधल्या उठावानंतर सुमारे १,८०० आयरिश कैदी इथल्या छावणीत ठेवले होते, पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता झालेला मायकेल कॉलिन्स त्यांतलाच एक. आम्ही थांबलो नाही. पुढच्या वळणावर धरणाची भिंत दिसली. मी दगडी भिंत मनात धरून होते. ही तर मातीची, वर गवत वाढलेली, टेकडीच वाटावी अशी. तिच्यावर मेंढ्या चरत होत्या.

भिंतीपलीकडे साधारण चार किलोमीटर लांब पाणी. वारा होता, पाणी काळसर. बाई सांगत होत्या, मी ऐकत होते.

१९५५च्या अखेरीस गावाला कळलं. लिव्हरपूलच्या नगरपालिकेनं वेल्समधल्या स्थानिक प्रशासनाकडे परवानगी मागितली नाही. ती थेट लंडनच्या संसदेत गेली. संसदेचा कायदा झाला की खालच्या कोणाच्या संमतीची गरजच उरत नाही. २१ नोव्हेंबर १९५६ला अख्खं गाव लिव्हरपूलला जाऊन रस्त्यांतून चाललं. म्हातारी माणसं होती, शाळेतली पोरं होती. लिव्हरपूलनं मोठं शहर व्हावं, दांडगट होऊ नये, अशी विनवणी त्यांच्या एका फलकावर होती. १९५७ साली विधेयक मंजूर झालं. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानंही त्याच्या बाजूनं मत दिलं नव्हतं, तरी मंजूर झालं.

मला इथे सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. लिव्हरपूल हे या लोकांना परकं शहर नव्हतंच. उत्तर वेल्समधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे कामाला जात. तिथली कितीतरी घरं वेल्श गवंड्यांनी आणि बिल्डरांनी उभी केली. तिथे वेल्श चॅपेलं होती, वेल्सचा राष्ट्रीय आयस्टेद्व्होद हा काव्य-संगीताचा उत्सवही तिथे भरलेला आहे. ज्या रस्त्यांतून गाव फलक घेऊन चाललं त्या रस्त्यांवर कोणाचा मामा, कोणाची आत्या राहत असणार. आमच्या खोऱ्यातलीही घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत होता. कोयनेची वीज मुंबईकडे गेली तेव्हा ती आपल्याच माणसांच्या चाळीत लागली. रागावायचं कोणावर, हे त्यामुळे आणखी अवघड होऊन बसतं.

सप्टेंबर १९६३ मध्ये चॅपेलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. त्याच वर्षी शाळा बंद झाली. बारा घरं-शेतवाड्या, पोस्ट, शाळा, चॅपेल आणि दफनभूमी, सगळं मिळून सुमारे ८०० एकर. खोऱ्यातल्या ६७ माणसांपैकी ४८ जणांची घरं गेली. आकडा लहान आहे. आपल्याकडच्या एका धरणाच्या यादीत तो एका वाडीचा असेल. पण ही वाडी सबंध वेल्श बोलणारी होती, आणि भाषा आधीच मागे हटत होती. म्हणून ते ४८ जण साऱ्या देशाला आपल्या घरचे वाटले. २१ ऑक्टोबर १९६५ला उद्घाटनाच्या मांडवात लोक घुसले, मायक्रोफोनच्या तारा तोडल्या, घोषणांनी भाषणं बुडवली. सोहळा काही मिनिटांत आटोपला. पुढच्याच वर्षी, जुलै १९६६ मध्ये, गावाबरोबर लिव्हरपूलला गेलेले ग्विन्व्होर एव्हान्स निवडून आले. वेल्सच्या राष्ट्रीय पक्षाचे ते पहिले खासदार.

पाण्याकाठी एक लहान दगडी स्मारक-चॅपेल आहे, शेजारी बाग. बागेत जुन्या दफनभूमीतले नावाचे दगड आणून लावले आहेत. काही कुटुंबांनी आपली माणसं उकरून दुसऱ्या गावी नेली. बाकीची तळ्याखालीच आहेत, वर फक्त त्यांची नावं आली. मी दगडांवरून बोट फिरवत होते. आडनावं तीच ती, जोन्स, रॉबर्ट्स, एव्हान्स, पण प्रत्येक नावाखाली घराचं नाव. इथे माणूस घराच्या नावानं ओळखला जातो. पलीकडे रस्त्याकडेला आणखी एक शिळा आहे, इथल्या पाण्याखाली हावोद वादोग नावाची शेतवाडी होती, हे सांगणारी. सतराव्या शतकात छळ सोसून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी तिथे प्रार्थनेला जमत, आणि पुढे त्यांतली बरीच पेनसिल्व्हेनियाला गेली. हावोद म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर नेली की राहायचं डोंगरातलं घर. वादोग म्हणजे मादोगचं. मी विचारलं, म-चा व कसा झाला?

मग त्यांनी गाडीत बसल्या बसल्या मला व्याकरण शिकवलं. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाची शेपटी बदलते, घोडा-घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाचं डोकं बदलतं. देशाचं नाव कम्री, पण स्वागताच्या पाटीवर 'क्रोइसो इ गम्री'. नदी त्रवेरिन, पण 'आठवण ठेवा' म्हणताना 'कोव्यूख द्रवेरिन'.

हे दोन शब्द लिहिलेली भिंत बघायला मी दोन दिवसांनी अ‍ॅबरिस्टविथच्या दक्षिणेला गेले. ल्लानऱ्हस्तिद गावाच्या अलीकडे, समुद्राकडच्या मोठ्या रस्त्यालगत, पडक्या घराची एक दगडी भिंत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मेइक स्टीव्हन्स या तरुणानं रात्री रंगाचा डबा नेऊन तिच्यावर लिहिलं. घाईत त्याच्या हातून त-चा द करायचा राहून गेला. नंतर रंग फिका पडला तेव्हा पुन्हा रंगवणाऱ्यांनी तो दुरुस्त केला. मला हे फार आवडलं. लिहिणाऱ्याचं चुकलं, तरी गावानं वाक्य टाकलं नाही, नीट केलं. २०१९च्या फेब्रुवारीत कोणीतरी त्यावर 'एल्व्हिस' लिहिलं, एप्रिलमध्ये भिंतीचा वरचा भाग पाडला. लोक आले, दगड परत रचले, रंग दिला. आणि त्या वर्षी वेल्सभर शेताच्या कुंपणांवर, गोठ्यांवर, घरांच्या कडांवर तेच दोन शब्द उमटले. बसमधून येताना मीच चार मोजले होते.

लिव्हरपूलनं २००५ मध्ये माफी मागितली. बाईंना विचारलं होतं, माफीचं काय वाटलं? "चांगलं झालं," त्या म्हणाल्या, आणि गाडी चालवत राहिल्या.

तळ्याचं पाणी लिव्हरपूलला नळानं थेट जात नाही. ते त्रवेरिनमध्ये सोडतात, ती डीला मिळते, आणि पुढे चेस्टरच्या बाजूला नदीतून उचलतात. म्हणजे डी उन्हाळ्यातही वाहती ठेवायला हे तळं. पाणी सोडलं की धरणाखाली नदीला चांगली ओढ येते, त्यावर लोक तराफे आणि कायाक घालतात. मी गेले तेव्हा हेल्मेट घातलेली पोरं हसत-ओरडत खाली चालली होती. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटलं नाही. गावात पोरांना काम मिळतं, असं बाई म्हणाल्या, आणि ते खरंच आहे.

स्मारकाच्या बागेतून मी आईला फोटो पाठवले होते. दगडांचे, पाण्याचे, आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहातले शाळेच्या पोरांचे. खाली एवढंच लिहिलं, "आपल्यासारखंच गाव." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दोन दिवस नाही.

ल्लानऱ्हस्तिदहून परतीच्या बसची वाट बघत होते तेव्हा तिचा आवाजी निरोप आला. आई फोनवर नेहमी घाईत बोलते, यात मात्र ती थांबत थांबत बोलत होती. "खालनं आलीस ना, की पहिला ओढा. ओढ्याला साकव. साकव ओलांडला की उजव्या अंगाला मारुती, त्याच्यापुढं पार. पाराच्या मागं सुताराचं, मग धनगराची दोन घरं, मग थोरल्या काकांचं. त्यांच्या परड्यात फणस, कापा. तिथनं जरा चढ. चढाला दगड घातलेले, पावसात घसरायचे. आणि वर आपलं. दारातनं नदी दिसायची."