शीतलाखेतच्या रस्त्यावर

इंदूरहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम आणि पुढे टेम्पो ट्रॅव्हलर. नैनिताल, रानीखेत, अल्मोड्याची बालमिठाई, सगळं रीतसर झालं. पण परत आल्यापासून रामबागेतल्या मंडळींना मी एकच प्रसंग सांगतोय.

उत्तराखंडातल्या शीतलाखेत गावाच्या अलीकडे चहाला थांबलो होतो. दोन्ही बाजूंना चीड, म्हणजे तिकडचे पाइन वृक्ष, आणि खाली पिरूलचा, म्हणजे चिडाच्या वाळक्या सुयांचा, घोटा बुडेल इतका थर. आमच्यातल्याच एका काकांनी पेटतं थोटूक उताराकडे भिरकावलं. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक ताई भारा रस्त्यातच टाकून धावल्या. थोटूक चपलेनं विझवलं, आजूबाजूच्या सुया हातांनी ओढून माती उघडी केली, मगच वर आल्या. काका म्हणाले, "एवढ्याशानं काय होतंय?" मला असा संताप आला! आजही तो गेलेला नाही.

ताई चिडल्या नाहीत, समजावत राहिल्या. पिरूलमध्ये राळ असते, ठिणगी पुरते. पेटलेली शंकूफळं गडगडत जाऊन खालचा उतारही पेटवतात. हिवाळ्यात पाऊस-बर्फ कमी झालं की जंगल लवकर वाळतं. जाड सालीचा चीड आगीतून तगतो, बांजची, म्हणजे तिकडच्या ओक वृक्षाची, कोवळी रोपं मरतात आणि रिकाम्या जागेत पुन्हा चीडच उगवतो. इंग्रजांनीही लाकूड आणि लिशासाठी, म्हणजे राळेसाठी, चीडच वाढवला. पाणी धरून ठेवतो तो बांज. हॉटेलात माणशी एकच बादली का मिळाली, ते तेव्हा कळलं. जलूदहून चढवलेल्या नर्मदेच्या पाण्यावर जगणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हे दुःख परकं नाही.

तिथली माणसं चिडाला शत्रू मानत नाहीत, हे मला फार आवडलं. शेताच्या बांधावरची झुडपं, तिथे त्याला ओण म्हणतात, जंगल वाळण्याआधी, 31 मार्चच्या आत जाळून टाकतात आणि 1 एप्रिलला ओण दिवस पाळतात. आग लागलीच तर विझवायला बायकाच पुढे. लाकडी नांगरासाठी बांज तुटायचा, म्हणून अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेचा लोखंडी 'व्हीएल स्याही हल' घेतला. तुटलेल्या बांजच्या खोडांना पुन्हा धुमारे फुटतात. त्यांना आग आणि कुऱ्हाडीपासून जपायचं, रोपांचे सोहळे करत बसायचं नाही. मला हाच मार्ग पटतो.

मे महिन्यात जरूर जा, पाणी जपून वापरा. सिगारेट ओढणाऱ्याला मात्र पुढच्या खेपेला मी गाडीत घेणार नाही, मग ते काका का असेनात.