अर्ज नॉट प्रेस

तालुका कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी टेबलावर पत्र: अमुक खटला मागे घेण्यास शासनाची हरकत नाही, पुढील कार्यवाही करावी. सोबत अर्जाचा टाइप केलेला मसुदा, 'व्यापक जनहितार्थ' तीन ठिकाणी. माझी सही तेवढी बाकी.

खटला मोर्चातल्या दगडफेकीचा. एसटीची काच फुटून चालकाच्या डाव्या डोळ्यात तुकडा गेला होता. आरोपी नंबर एक आता नगराध्यक्ष. दहाला फोन आला, "साहेब, वरून झालंय सगळं. तुम्ही फक्त दाखल करा."

केली सही. दबाव म्हणावा असंही काही नव्हतं, हात सवयीने चालला.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट मॅडमनी अर्ज वाचला. "कलम 321 खाली खटला कोण मागे घेतं? शासन की तुम्ही?"

"सरकारी वकील. कोर्टाच्या संमतीने."

"मग तुमचं मत सांगा. जखमीचा जबाब वाचलात?"

नव्हता वाचला. मसुद्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 1986 च्या शिवनंदन पासवान निकालाचा हवाला होता. त्यात बिहारच्या माजी मुख्यमंत्र्यांवरचा खटला मागे घ्यायला मान्यता मिळाली, म्हणून सगळे तोच जोडतात. पण सरकारी वकिलाने स्वतः विचार करायला हवा, हेही त्याच निकालात आहे.

माझे एक थोरले सहकारी सरकारी वकील पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली असल्याचे दिवस सांगायचे. शहाणे खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अभियोग विभाग पोलिसांपासून वेगळा करायला सांगितलं, तेव्हा आमची सुटका झाली. म्हणजे कागदोपत्री. अभियोग संचालनालय अजून गृह विभागाखालीच आहे, आणि फोन करणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

मागच्या बाकावर खाकी कपड्यातला माणूस बसला होता. काळा चष्मा, हातात चार घड्या घातलेलं समन्स. त्या दिवसाचा माझाच साक्षीदार! मी काय दाखल केलंय, याचा त्याला पत्ताही नव्हता. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 360 मध्ये, पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय संमती देता येत नाही. तेव्हा त्याला कुणी विचारायचंच नाही.

"मॅडम, अर्ज नॉट प्रेस." म्हणजे अर्ज मी पुढे रेटत नाही.

त्यांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या. आरोपीच्या वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पक्ष बदलला. दुपारपर्यंत फोनवर सात मिस्ड कॉल.

सरतपास, म्हणजे मी घेतलेली त्याची साक्ष, वीस मिनिटं चालला. काच कुठे लागली ते दाखवायला त्याने चष्मा काढला. बाहेर आल्यावर मला गाठून विचारलं, "साहेब, रजा टाकून आलोय. भत्ता आजच मिळेल ना?"