मॉसमधली तपकिरी अळंबी: 'बहुधा गॅलेरिना'च्या पुढे

स्कॉटलंडमधल्या स्प्रूसच्या रानात ऑक्टोबरमध्ये मॉसच्या गादीवर मधाच्या रंगाच्या, जेमतेम १ सेंटिमीटरच्या टोप्या दिसतात. बहुधा गॅलेरिना हिप्नोरम, म्हणजे मॉसमध्ये उगवणारी गॅलेरिना गटातली छोटी अळंबी. पण हे 'बहुधा' तपासावंच लागतं, कारण तिची बहीण गॅलेरिना मार्जिनाटा यकृत निकामी करते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही.

अळंबी ओढून काढत नाही. सुरीने मॉससकट ढलपा उचलते आणि देठ नेमका कशात रुजलाय ते बघते. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते: मॉसखाली कुजकं लाकूड दडलेलं असतं. लाकूड लागलं की आधी मार्जिनाटाचा संशय. तिच्या देठावर कडं असतं खरं, पण ते पावसात धुऊन जातं. कडं नाही म्हणून ती नव्हे, असं म्हणता येत नाही.

रंग जागेवरच टिपायचा. ओल्या टोपीवरच्या रेघा जवळपास मध्यापर्यंत जातात. घरी पोचेपर्यंत टोपी सुकून फिकी पडते आणि रेघा गायब.

मग बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा ठसा. देठ कापून टोपी खालच्या पात्यांच्या (टोपीखालच्या पातळ पडद्यांच्या) बाजूने काचपट्टीवर ठेवते, वर पाण्याचा एक थेंब, त्यावर उपडी वाटी, रात्रभर. थेंब विसरला तर एवढीशी टोपी सुकते आणि ठसाच पडत नाही. ठसा पांढरा आला तर मायसीना किंवा रिकेनेला, जांभळट आला तर डेकोनिका, या दिसायला सारख्या पण वेगळ्या गटांतल्या अळंब्या. गंजासारखा तपकिरी आला तरच पुढे.

सूक्ष्मदर्शकाखाली, तेलाच्या भिंगातून १००० पट, ठशातलेच २० बीजाणू मोजते. पातीवरून खरवडले की कच्चेही येतात आणि सरासरी बिघडते. हिप्नोरमचे साधारण ९–१२ × ५.५–७ मायक्रॉन, खडबडीत. गुळगुळीत आणि टोकाला छिद्र असलेले दिसले, तर ती कोनोसायबी, हाही वेगळा गट.

खरा निकाल सिस्टिडिया देतात, म्हणजे पातीवरच्या वेगळ्या घाटाच्या पेशी. हिप्नोरममध्ये त्या फक्त पातीच्या कडेला. मार्जिनाटा आणि व्हिटिफॉर्मिस (आणखी एक गॅलेरिना) यांच्यात पातीच्या सपाट अंगावरही. म्हणून पातीचा पातळ आडवा छेद घ्यावा. नुसती पाती चिरडली की कडेच्या पेशी सरकून अंगावर असल्यासारख्या दिसतात आणि नाव चुकतं. (जुन्या पुस्तकांत वेगळ्या जाती म्हणून दिलेल्या गॅलेरिना ऑटम्नॅलिस आणि युनिकलर २००१ मध्ये डीएनएवरून मार्जिनाटातच गेल्या, तिथे फरक शोधण्यात वेळ घालवू नका.)

उरलेला नमुना ४० अंशांवर वाळवून पाकिटात ठेवते, सोबत त्याच मॉसची चिमूट.